पडद्याच्या मागची बाजू

दहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात 'मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास' असे एक प्रकरण आहे. त्याच्या आधीचे प्रकरण 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास'. २०१८ साली हे पुस्तक हातात आले तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. राजे, लढाया आणि तह यांच्या पलीकडे चित्रपट आणि दूरदर्शन हाही इतिहासाचा विषय होऊ शकतो, हे शाळेच्या पुस्तकाने मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. पण शिरूर कासारला ही प्रकरणे शिकवताना पहिल्याच वर्षी एक अडचण ध्यानात आली. पुस्तकाच्या क्रमाने गेले तर ती दिवाळीच्या मागेपुढे येतात. आणि दसरा झाला की आमच्या तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या व्हायला लागतात. मुकादमाची उचल घेतलेली माणसे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार टाकून ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी राहतात, बरीच आईबापांबरोबर जातात. म्हणजे ज्यांनी हा इतिहास सर्वांत अधिक विचारायला हवा, नेमकी तीच मुले तो शिकवताना वर्गात नसतात. म्हणून मी हा विषय उचलून भाद्रपदात आणला. वरिष्ठांनी एकदा विचारले, क्रम का मोडला? मी म्हटले, क्रम आम्ही नाही, उसाने मोडला.

हे टिपण लिहिण्याचे कारण एवढेच की, चित्रपटाचा इतिहास म्हणजे 'पहिला कोणी काढला' याची यादी, अशी समजूत शिक्षकांमध्येही पक्की आहे. परीक्षेत रिकामी जागा भरायला ती पुरते. पण पडद्यावर कोण होते, पडद्यासमोर कोण बसले होते, आणि पडद्यामागे कोणाला बसवले गेले होते, हे विचारल्याशिवाय तो इतिहास आमच्या मुलांचा होत नाही.

सुरुवात मी वहीच्या कोपऱ्यापासून करतो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात कोयता धरलेला माणूस काढायचा. दर पानावर हात थोडा खाली. पाने अंगठ्याने सरसर सोडली की माणूस ऊस तोडायला लागतो. मुले दोन तास दुसरे काही करत नाहीत. मग गणित. बोलपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रे दाखवते. फुटाला १६ चित्रे बसतात. म्हणजे मिनिटाला ९० फूट, आणि हजार फुटांचे रीळ अकरा मिनिटांत संपते. हे गणित पुढे एके ठिकाणी लागणार आहे, म्हणून ते फळ्यावरून पुसू देत नाही.

फिल्म कशाची असते, हेही सांगतो. पारदर्शक पट्टी, तीवर प्रकाशाने काळे पडणारे चांदीचे क्षार, आणि ते क्षार धरून ठेवणारा जिलेटिनचा थर. जिलेटिन जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढतात. हे ऐकल्यावर मागच्या बाकावरून एकदा आवाज आला, "म्हंजे सर, शिनिमा बी ढोराच्या हाडाचाच?" वर्ग हसला. मी हसलो नाही. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडा म्हणून सांगितले. ज्या कामाने माणूस विटाळतो असे गावाने ठरवले होते, त्याच कामातून निघालेल्या पदार्थावर राम-कृष्णांची चित्रे उमटत होती आणि त्या चित्रांपुढे लोक हात जोडत होते. विटाळ कोठे गेला? चांगला प्रश्न आहे. मुलांना तो मी घरी नेऊ देतो.

चित्रे दाखवून गोष्ट सांगण्याची कला आपल्याकडे सिनेमाबरोबर आली नाही. चित्रकथी ती पिढ्यान्‌पिढ्या करत होते. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर आदिवासींनी ती जपली. त्या चित्रांच्या एका शैलीला पैठणचेच नाव पडले आहे, आणि पैठण आम्हाला परके नाही. पुढे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ पासून काचेवर चित्रे काढून दिव्याने पडद्यावर पाडण्याचे खेळ केले. त्याला 'शांबरिक खरोलिका' म्हणत. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आली. तीन वर्षांनी सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, कुस्तीचे चित्रण केले. तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' १९१२ चा, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ चा. पहिला कोणता, यावर विद्वानांनी भांडावे. आमचा जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीत धीरेन गांगुली या बंगाली माणसाने सिनेमाचा कारखाना काढला होता. १९२४ मध्ये 'रझिया बेगम' दाखवल्यावरून निजामाने त्याला राज्याबाहेर काढले. मुसलमान राणीचे हिंदू माणसावर प्रेम दाखवल्याचा राग. प्रेमावरून माणूस गावाबाहेर काढण्याची रीत काही केवळ गावाची नव्हे, हे मुले लगेच ओळखतात.

फाळक्यांच्या चित्रपटात मला थांबावेसे वाटते ते तारामतीपाशी. त्यांना तारामतीच्या कामाला स्त्री मिळाली नाही. नाचगाणे करणाऱ्या, पोटासाठी शरीर विकणाऱ्या बायकांनीही नकार दिला, इतका हा धंदा हलका समजला गेला. अखेर एका उपाहारगृहात स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच! मुलांना हे फार आवडते. पण याच काळात, याच मुंबईत, हिवरगावची पवळा तमाशाच्या बोर्डावर उभी राहून माणसांचे थवे खेचत होती. जन्माने महार असलेली बाई, आणि तिच्याबरोबर फडात कुलकर्णीपण सोडून आलेले पठ्ठे बापूराव. म्हणजे रंगमंचावर उभी राहण्याचे धैर्य असलेली स्त्री महाराष्ट्रात नव्हती असे नाही. ती होती, पण तिची जागा तारामतीची नव्हती, असे समाजाने आधीच ठरवून टाकले होते. १९१३ मध्येच दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये आल्या आणि तो प्रश्न संपला, असे पुस्तके सांगतात. संपला का?

तो संपला नाही, हे सांगायला मी मुलांना केरळात नेतो. जे. सी. डॅनियल यांच्या 'विगतकुमारन' या मुक्या चित्रपटात पी. के. रोझी या दलित स्त्रीने नायर घराण्यातल्या तरुणीचे काम केले. हा १९२८ ते १९३० च्या दरम्यानचा काळ. खालच्या जातीच्या बाईने वरच्या जातीच्या बाईचे रूप घ्यावे, हे प्रेक्षकांना सोसले नाही. तिच्यावर हल्ले झाले, तिला मुलूख सोडावा लागला, आणि पुढे ती पडद्यावर कधीही आली नाही. मल्याळम चित्रपटाची पहिली नायिका ती. पुरुषाने सीता व्हावे हे चालते. दलित बाईने नायर व्हावे हे चालत नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहीत नाही, मुले आपणहून लिहून घेतात.

आता माझ्या आबांची गोष्ट, कारण वर्गातही ती येथेच येते. आबा तरुण असताना यात्रेत सिनेमा यायचा. दोन बांबूंना पांढरे कापड बांधायचे, बैलगाडीतून यंत्र आणायचे. कापड पातळ, त्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसे. गाव समोर बसे, आमची वस्ती मागे. मागे बस असे कोणी सांगत नसे, आबांच्या शब्दांत, "सांगायची गरजच काय? पायालाच ठावं व्हतं." मागून चित्र उलटे दिसते. डावे उजवे होते, नावाची अक्षरे आरशात पाहावी तशी. आबा सांगायचे, "आपला राम डावखुरा व्हता बघ." कितीतरी वर्षे मला हा विनोद वाटत होता. तो विनोद नव्हता. आबांनी राम कधी समोरून पाहिलाच नव्हता.

या ठिकाणी मी संविधानाचे पंधरावे कलम वाचून दाखवतो. दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर त्यात सार्वजनिक करमणुकीच्या जागांचाही स्पष्ट उल्लेख आहे. विहिरी, तलाव, रस्ते यांच्या पंक्तीला नाटक-सिनेमाची जागा आणून बसवली, यामागे कोणाचा अनुभव उभा आहे हे निराळे सांगायला नको. १९५५ च्या अस्पृश्यता निवारणाच्या कायद्याने अशा जागी मज्जाव करणे हा गुन्हाही ठरवला. पण यात्रेतल्या कापडाच्या मागे मज्जाव कोणी केलाच नव्हता! गुन्हा नोंदवायचा तर कोणावर?

पडद्यावर मात्र अस्पृश्य आला होता. १९३५ मध्ये प्रभातचा 'धर्मात्मा' आला. त्याचे नाव आधी 'महात्मा' ठेवले होते, ते सरकारी कात्रीला मानवले नाही. पैठणच्या एकनाथांची कथा, बालगंधर्व एकनाथ, अस्पृश्याघरी जेवणारा ब्राह्मण संत. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की, मी हिंदू म्हणून मरणार नाही. पुढच्या वर्षी बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविका राणी झालेली कस्तुरी रेल्वेच्या फाटकावर मरते आणि प्रेक्षक डोळे पुसतात. त्याच १९३६ मध्ये बाबासाहेबांचे 'जातिनिर्मूलन' छापून निघाले. मी फळ्यावर दोन रकाने करतो आणि ही चार नावे समोरासमोर लिहितो. त्या चित्रपटांना मी खोटे म्हणत नाही. ते करणारी माणसे मनाने चांगली होती आणि सनातन्यांना ते झोंबलेही असतील. परंतु त्या पडद्यावरच्या अस्पृश्याला कोणीतरी जवळ घ्यावे लागते, नाहीतर मरावे लागते. तिसरी वाट त्याच्यापाशी नसते. बाहेर, त्याच दोन वर्षांत, तिसरी वाट चालायला लागली होती.

बाबूराव पेंटरांच्या 'सावकारी पाश'ला (१९२५) मी वेगळा मान देतो. त्यात शांतारामांनी केलेला शेतकरी जमीन गमावून शहरात गिरणीत जातो. सावकाराच्या जागी मुकादम आणि गिरणीच्या जागी कारखाना ठेवला तर आमच्या वर्गाला काही समजावून सांगावे लागत नाही.

दूरदर्शनचा धडा आमच्या भागात उशिरा सुरू होतो. दिल्लीला ते १५ सप्टेंबर १९५९ ला आले, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ ला. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवण्याचा प्रयोग झाला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. महाराष्ट्र त्यात नव्हता; जुन्या निजामी मुलखातला आमचा शेजारी गुलबर्गा होता. या प्रयोगातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. संच कोणाच्या घरात नव्हता, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी होता. आत कोण येईल आणि कोण नाही, हे घरमालकाच्या मर्जीवर नव्हते. वर्ष संपले, उपग्रह परत नेला गेला, आणि पुढे दूरदर्शन आमच्याकडे आले ते खाजगी दिवाणखान्यात.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. गावात एका घरी संच होता. रविवारी सकाळी त्याला हार, उदबत्ती. घरातले आणि भावकीतले आत सतरंजीवर, आम्ही अंगणात, खिडकीच्या गजांमधून. घराचे नाव सांगण्यात अर्थ नाही; अशी घरे गावोगाव होती. एकदा आबा शेतावरून येताना रस्त्यातच थांबले, खिडकीतून थोडा वेळ पाहिले आणि घरी आल्यावर आईला म्हणाले, "आगं, राम उजव्या हाताचा हाय की!" त्या दिवशी आम्ही सगळे हसलो. आबाही हसले. आज वर्गात हे सांगताना माझा आवाज बदलतो, हे मुलांच्या चेहऱ्यावर दिसते.

'रामायण'ची एक हकिकत पुस्तकात सहसा सापडत नाही. १९८८ मध्ये मालिका लव-कुशांच्या आधीच संपवली तेव्हा पंजाबातल्या वाल्मीकी समाजातील सफाई कामगारांनी संप केला. शहरांत कचऱ्याचे ढीग साचले आणि अखेर उत्तरकांडाची मालिका दाखवण्यात आली. झाडू खाली ठेवला की सरकार हलते हे त्यातून सिद्ध झाले. ते बळ कशासाठी खर्च झाले, यावर वर्गात दरवर्षी भांडण होते आणि मी ते मिटवत नाही. त्याच दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये प्रेमचंदांच्या कथेवरून 'सद्‌गती' केला, हेही सांगून ठेवतो. लाकूड फोडता फोडता मेलेल्या दुखीचे प्रेत ओढून नेणारा ब्राह्मण ज्याने पाहिला, तो तो विसरत नाही.

आता फळ्यावरच्या गणिताकडे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब दिल्लीत गेले. देह विमानाने मुंबईला आणला. ७ तारखेला राजगृहापासून दादरच्या चौपाटीपर्यंत अंत्ययात्रा निघाली. त्या यात्रेचे चित्रण झाले, ते करवून घेतले नामदेव व्हटकर यांनी. 'कथा माझ्या जन्माची' हे आत्मचरित्र लिहिणारे तेच. चित्रणासाठी पैसा नव्हता. त्यांनी आपला छापखाना गहाण ठेवला. मी मुलांना विचारतो, यात्रा तासन्‌तास चालली, हजार फूट फिल्म अकरा मिनिटांत संपते, आणि प्रत्येक फूट गहाणाच्या पैशाचा आहे. तुम्ही कॅमेरा कधी सुरू कराल, कधी बंद कराल? वर्ग गप्प होतो. मग एकेक उत्तर येते. "गर्दी दाखवीन." "बाया रडत्यात ते." एका मुलीने सांगितले होते, "मी चेहरा घेईन सर, बाबासाहेबांचा. फिल्म संपली तरी चालंल." दोघे-तिघे गणित करत राहतात, अकरा मिनिटे कशी पुरवायची याचे. ७ डिसेंबरची जी हलती चित्रे आज आपण फोनवर अंगठ्याने पुढे सरकवतो, तिच्यामागे एक गहाणखत आहे. चित्रपटाच्या इतिहासात 'पहिला' म्हणून व्हटकरांचे नाव कोणत्याही रकान्यात बसत नाही. मी माझ्या वर्गात ते फाळक्यांच्या खालच्याच ओळीत लिहितो.

शेवटचे दोन तास 'फँड्री'चे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा, १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झालेला. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी चुकलो, हे कबूल केले पाहिजे. जब्याच्या घरचे डुकरामागे पळतात आणि गाव फिदीफिदी हसते, तेथे आमचा अर्धा वर्गही हसला. पडद्यावरचे हसणे आणि वर्गातले हसणे एक झाले. मधल्या रांगेतले एक मूल मात्र मान खाली घालून बेंचवर नखाने रेघा ओढत होते. मला वाटले होते चित्रपट आपले काम करील. चित्रपट एकटा काम करत नाही. पुढे डुक्कर बांधून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा दिसतात; शेवटी जब्या दगड फेकतो आणि तो थेट आपल्याच अंगावर येतो. खोली चिडीचूप झाली. पण त्या मुलाचे हसू ऐकून घेण्याचे जे व्हायचे ते होऊन गेले होते. दुसऱ्या वर्षीपासून मी आधी थांबतो, आणि 'पडद्यावर हसणारे कोण आहेत ते मोजा' म्हणून सांगतो. मोजायला लागले की हसू येत नाही.

'फँड्री' आल्यानंतर अडीच महिन्यांनी, २८ एप्रिल २०१४ ला, आमच्या सीमेपलीकडे जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा संशय. २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी सुटले. हे मी सांगतो, फार बोलत नाही. दहावीतल्या पोरांना खर्डा कोठे आहे हे नकाशावर दाखवावे लागत नाही.

आता प्रत्येक घरात कॅमेरा आहे. मी सांगून ठेवले आहे की कारखान्यावर गेलात तर फोनवर टिपून आणा, आपल्या कोप्या, रात्रीची गाडी भरणे, काहीही. पाडव्याला मुले परत येतात. गेल्या वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, मायचं मोळी बांधताना काढलं व्हतं. पण फोन भरला, मुकादमाचा नंबर सेव करायला जागा पाहिजे म्हून दादानं पुसलं." मी तिला व्हटकरांच्या गहाणाची आठवण दिली नाही. शाळेच्या संगणकात एक कप्पा उघडला आहे. मुले जे आणतील ते त्याच दिवशी त्यात उतरवून घेतो. कोणी काढले, कोठे, कोणत्या तारखेला, एवढे खाली लिहून. या पाडव्याला सात जमले. सगळ्यांत मोठे दीड मिनिटाचे आहे. बैलगाडीवर उसाच्या मोळ्या रचलेल्या, अंधार, विजेरीचा उजेड, आणि चित्राबाहेरून एका बाईचा आवाज : "माझं नको काढू, तोंड धुतलं न्हाई." पोराने तरी काढले आहे. समोरून.